परातीतलं वाळुंज

"चार दिवस झाडाला पाणी कोण घालणार?" कुंदानं विचारलं.

मी जमिनीवर गुडघे टेकून सॅकमध्ये सतरंजी कोंबत होते. गाइडच्या शिबिराची गाडी शाळेतून सात वाजता सुटणार होती आणि मला अजून शिट्टीची दोरी सापडत नव्हती.

"मी व्यवस्था केलीय," मी म्हटलं. "परात काठोकाठ भरलीय. खतसुद्धा घातलंय. कुणी काही करायची गरज नाही."

"बरं. पण ऊन फार आहे गं सध्या. कमी झालं तर वरून तांब्याभर..."

"हात लावायचा नाही म्हटलं ना!"

बाबा दाराशी चपला घालत होते. त्यांनी ऐकलं, आणि स्कूटरची किल्ली घेऊन खाली उतरले. कुंदानं दशम्यांचा डबा माझ्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि कुंदाला आमच्या घरी येऊन सहा महिने. आत्यानं मला बजावलं होतं, तिला आई म्हणायचं. मी मनातल्या मनात तिला नुसतं कुंदा म्हणायचे आणि तोंडावर काहीच नाही. वाक्यं अशी जुळवायची की हाक मारावी लागू नये. आणि लागलंच तर 'तुम्ही'. पाटणकडची होती ती. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं अकरा वर्षं केलं, त्यात लग्न राहून गेलं. अडतिसाव्या वर्षी कराडला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती दोन पिशव्या घेऊन आली, आणि आल्या दिवसापासून कुठल्याच वस्तूची जागा तिनं बदलली नाही. डबेसुद्धा आईनं लावले होते त्याच क्रमानं ठेवायची. मला त्याचाही राग यायचा.

गॅलरीतलं झाड मात्र पूर्णपणे माझं होतं. म्हणजे आईचं, आणि तिच्यानंतर माझं.

महिला मंडळानं एका उन्हाळ्यात बोन्सायचा वर्ग काढला होता. शिकवणाऱ्या बाई पुण्याहून यायच्या. सगळ्या बायकांनी वड लावले, उंबर लावले. आईनं नदीकाठच्या वाळुंजाची फांदी नेली. बाई म्हणाल्या, हे कशाला आणलंत, हे झाड पाण्याला हपापलेलं, वाढतं भसाभसा, कुंडीत ठरायचं नाही. बस्स, आईला तेवढं पुरलं. पसरट कुंडीत तिनं ते लावलं आणि कुंडी परातीत पाणी घालून त्यात ठेवली. पंधरा दिवसांत वीतभर डहाळ्या फुटायच्या, त्या ती छाटायची. वाळुंजाच्या फांद्या सरळ वर जातात. आईला त्या खाली झुकलेल्या हव्या होत्या, पाण्यावर वाकल्यासारख्या. मग बाबांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणायची आणि एकेका डहाळीला वेटोळं घालून ती हळूहळू वाकवायची. मी शेजारी बसून तारेचे तुकडे तोडून द्यायचे. वारा आला की ती सगळी अरुंद पानं एकदम उलटी व्हायची आणि त्यांची चांदीसारखी बाजू दिसायची. "बघ, हसलं," आई म्हणायची.

कुंदानं पहिल्यांदा ते झाड बघितलं तेव्हा ती म्हणाली होती, "अगंबाई, वाळुंज! आमच्या ओढ्याला नुसतं रान आहे याचं. काठी रोवली तरी फुटतं." तिला आनंद झाला होता. मला वाटलं, ही आईच्या झाडाला सरपण म्हणतेय. त्या दिवसापासून मी तिला परातीजवळ फिरकू दिलं नाही.

शिबिर ओढ्याकाठच्या एका आंबराईत होतं. तंबू उभारले, शेकोटीसाठी नाटक बसवलं, माझ्या तुकडीला गाठींच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. शनिवारी दुपारी घरी पोचले ती सॅक पाठीवर असतानाच गॅलरीत गेले.

झाड मेलं होतं.

पानं तपकिरी पडून गोळा झाली होती. एक हातात घेतलं तर चहाच्या भुकटीसारखं चुरलं. वरच्या पाच-सहा डहाळ्या कुणीतरी शेंड्याकडून कापून नेल्या होत्या. परात घासून लख्ख केलेली. आणि माती मात्र ओलीचिंब. माझी खात्रीच पटली. चार दिवस ढुंकून बघितलं नाही आणि मी यायच्या वेळेला घाईघाईनं पाणी ओतलं.

कुंदा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

"काय केलंत तुम्ही?" मी ओरडले. "आणि कापलंत कशाला?"

"वाळत होत्या गं, म्हणून..."

"पाणी घातलंत का? खरं सांगा!"

तिनं माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला ते बघणं ओशाळं वाटलं होतं. मग म्हणाली, "माझ्याकडून राहिलं, हर्षू."

तेवढ्यात बाबा जेवायला वर आले. ते गॅलरीच्या उंबऱ्यावर थांबले. मी रडत रडत सांगितलं, हिनं आईचं झाड मारलं. बाबा कुंडीपुढं उकिडवे बसले, खोडावर नखानं थोडं खरवडून बघितलं. आत हिरवं नव्हतं. मग उठले आणि न जेवता दुकानात गेले.

त्यांनी कुंदाला एक शब्दही बोल लावला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते सकाळचा चहा घरी घेईनात. टपरीवर पिऊन यायचे. कुंदा रोज दोन कप टाकायची आणि एक बेसिनमध्ये ओतायची. मला ते दिसायचं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं.

असे बारा दिवस गेले. सहामाही संपली, दिवाळी तोंडावर आली. एका दुपारी मी बाबांचा डबा घेऊन दुकानात गेले. बाबा कुठल्याशा विहिरीवर मोटर बसवायला गेले होते आणि बाकड्यावर आनंदरावकाका बसले होते. ते बाबांचं जुनं गिऱ्हाईक. मळ्यातला पंप जळला की जीपमध्ये घालून आणायचे आणि दुरुस्त होईपर्यंत तिथंच गप्पा मारत बसायचे.

"काय गं हर्षे, वाचलं का झाड?"

"कुठलं?"

"आता किती झाडं हायत तुझी? ज्याच्यासाठी माझ्याकडनं युरिया नेलास ते." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुझ्या आईचा फोन आला हुता नव्हं मला. गुरुवारी, पार सकाळच्या पारी."

क्षणभर मला कळेचना ते कुणाबद्दल बोलतायत.

"कुणाचा?"

"अगं, कुंदावहिनीचा. दुकानाच्या वहीतनं नंबर काढला म्हणाली. घाबरलेली लई. म्हणाली, परातीच्या कडेला पांढरं खडं धरल्यात, पानांच्या कडा जळायला लागल्यात, आता काय करू? मी म्हटलं, ती माती धू. धा-बारा बादल्या पाणी सोड त्याच्यातनं, युरिया उतरला तर उतरला. आणि मला म्हणती, यांना सांगू नका." काकांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "किती टाकला हुतास गं?"

"सगळा."

"पुडा सगळा? आरं देवा! चिमूटभर टाक म्हटलं हुतं की मी तुला. त्येवढ्यात माझा अर्धा वाफा भागला असता. झाड जळंल न्हाय तर काय हुईल?"

चिमूटभर म्हटलेलं मी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी मी वर्तमानपत्राचा पुडा हातात पडताच पळत सुटले होते. शिबिराला निघायच्या आदल्या संध्याकाळी तो सगळाच्या सगळा कुंडीत आणि परातीत रिकामा केला होता. चार दिवस मी नसणार, तर त्याला उपाशी राहायला नको, असं मला वाटलं होतं.

डबा बाकड्यावर ठेवून मी घरी निघाले. वाटेत ओळखीचं कुणीतरी हाक मारत होतं, मी थांबले नाही. आमच्या इमारतीच्या जिन्यात मात्र बराच वेळ बसून राहिले. वर जायचं, तर काय म्हणायचं?

कुंदा ओट्याशी शंकरपाळ्या कातत होती. कातण्याचं चाक पोळीवरून करकर फिरत होतं.

"आनंदरावकाका भेटले दुकानात," मी म्हटलं.

चाक थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं.

"बरे आहेत का?"

"झाड मी मारलं."

"काहीतरी काय बोलतेस. पाणी घालायचं माझ्याकडून राहिलं."

"राहिलं नव्हतं. दहा बादल्या घातल्यास तू."

तिनं वर बघितलं. हात पिठानं माखलेले होते.

"चौदा," ती म्हणाली. "नळाला पाणी नव्हतं. खालच्या टाकीतनं आणलं. मोकाशीकाकूंच्या गाद्या वाळत होत्या खाली, गॅलरीतनं पाणी गळून त्या सगळ्या भिजल्या. दोन दिवस बोलत होत्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं?" तिनं चाक बाजूला ठेवलं. "तू गॅलरीत उभी होतीस ना, पाठीवरची सॅक पण काढली नव्हतीस. तुझं तोंड बघितलं मी. आईचं झाड, आणि ते आपल्याच हातानं गेलं, हे घेऊन तू कुठं जाणार होतीस? माझ्यावर राग होताच तुझा. म्हटलं, त्यातच अजून थोडा जाईल. मला काही जड नाही."

तिनं दोन-तीन शंकरपाळ्या ताटात टाकल्या.

"थोडं गेलं जड," ती म्हणाली.

मी तिच्या कमरेला मिठी मारली. मला मारायची नव्हती, मी पाणी प्यायला माठाकडे निघाले होते. पण मधे ती उभी होती. तिच्या अंगाला वेलदोड्याचा आणि तापलेल्या तुपाचा वास येत होता. तिनं पिठाचे हात हवेत तसेच धरून ठेवले, माझ्या फ्रॉकला लागू नयेत म्हणून.

"बाबांना सांगते मी आज," मी म्हटलं.

"नको. बाबांचं निवेल हळूहळू. चार दिवसांनी चहा घेतील."

"मी सांगणार."

"हर्षू, ऐक माझं. काही गोष्टी..."

"मी सांगणार."

संध्याकाळी जेवायला बसलो. बाबांनी पहिला घास घेतला आणि मी सांगून टाकलं. युरिया, पुडा, फोन, चौदा बादल्या, मोकाशीकाकूंच्या गाद्या. मधे कुठं थांबले नाही. थांबले असते तर पुढचं आलंच नसतं.

बाबांचा घास ताटातच राहिला. त्यांनी कुंदाकडे बघितलं. कुंदा उगाचच आमटी ढवळत होती.

"बारा दिवस तू हे पोटात ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

ती डाव तसाच पातेल्यात सोडून उठली आणि मागच्या बाजूला मोरीत गेली. मला वाटलं, रडायला गेली. पण ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत लोणच्याची काचेची बरणी होती. ती तिनं बाबांच्या ताटाशेजारी ठेवली.

बरणीत पाणी होतं आणि पाण्यात डहाळ्या. चार डहाळ्या काळ्या पडल्या होत्या. दोन हिरव्या होत्या. त्या दोन्हींच्या बुडातून पांढरी, केसांसारखी मुळं सुटली होती, आणि एकीच्या डोळ्यातून गव्हाच्या दाण्याएवढा कोंब बाहेर आला होता.

"गुरुवारीच कापून ठेवल्या," ती म्हणाली. "शेंडे तेवढे हिरवे होते तेव्हा. मोरीच्या खिडकीत होत्या, पडद्यामागं. धरतायत का बघून मग सांगणार होते. आधी दाखवल्या आणि परत मेल्या असत्या तर? म्हणून."

बाबांनी बरणी उचलून दिव्यासमोर धरली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"नदीवरचं झाड पुरात गेलं," ते म्हणाले. "पहिल्यांदा जिथनं फांदी आणली ते. मी जाऊन बघून आलो होतो परवा. नुसता खड्डा आहे तिथं. मला वाटलं, संपलं आता. या वेळी लावायला ती पण नाही आणि फांदी पण नाही."

"या वेळी म्हणजे?" मी विचारलं.

बाबांनी बरणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग आईच्या फोटोकडे, परवानगी मागितल्यासारखं.

"म्हणजे, हर्षू, आपल्याकडचं ते काही पहिलं झाड नव्हतं. तू बालवाडीत होतीस तेव्हा पहिलं मेलं. गणपतीत आपण तुझ्या आजोळी गेलो आठ दिवस, आलो तर नुसती काटकी. मग तुझ्या आईनं मला स्कूटर काढायला लावली. मी आपला काठावर उभा, आणि सुलभा साडी खोचून चिखलात. त्याच झाडाची मनगटाएवढी फांदी तोडून आणली. ती लागली. दुसरं तिनंच मारलं, मुळं जास्त छाटली गेली. आणि तिसरं... तिसऱ्याला तार घातली आणि काढायचीच विसरली. पार खोडात रुतली. तू चौथीत असशील."

"पण ते तर बाईंकडे दिलं होतं! छाटायला!"

"तुला तसं सांगायचं ठरलेलं. तीनही वेळा." बाबा ओशाळल्यासारखे झाले. "मला म्हणायची, पोरीला वाटू दे की आईच्या हातून काही मरत नाही."

मला खरोखर आठवत होतं. गॅलरीतली रिकामी परात, आणि आई सांगतेय, बाईंनी ठेवून घेतलंय, येईल पंधरा दिवसांत. आणि पंधरा दिवसांनी ते यायचं, थोडं वेगळं दिसायचं. "कापलं ना बाईंनी, म्हणून," आई म्हणायची, आणि मी मान डोलवायचे.

कुंदा इतका वेळ उभीच होती. तिनं बाबांकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, बरणीकडे बघितलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "त्यांच्याकडूनही मरायचं?"

"तीनदा," बाबा म्हणाले.

"अहो, पण मी सहा महिने..." तिनं डब्यांच्या फळीकडे हात केला. "सहा महिने मी त्या डब्यांना हात लावताना घाबरतेय! तुमची बायको म्हणजे... तिच्या हातून कधी दूध उतू गेलं नाही, भाकरी करपली नाही, असंच सगळे सांगतायत मला!"

"दूध?" बाबा म्हणाले. "दूध रोज उतू जायचं. गॅसचा बर्नर तीनदा बदललाय मी."

कुंदा हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. तिला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मोठं, खेडवळ, मोकळं हसू होतं ते. हसता हसता ती भिंतीला टेकून खाली बसली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. तिचं बघून बाबांना हसू आलं, त्यांना ठसकाच लागला. मी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होते आणि मीही हसत होते. आईनं मला तीनदा फसवलं होतं, आणि मी तीनही वेळा फसले होते.

आई गेल्यापासून आमच्या घरात तिचं नाव निघालं की सगळे गप्प व्हायचे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिचं नाव निघालं आणि आम्ही हसत होतो, इतके की खालून मोकाशीकाकूंनी वर हाक मारून विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही काकू," कुंदानं बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, "हर्षूच्या आईची आठवण निघाली होती."